जोडीदाराला कुळागर आणि गाव दाखवायचं तर सुरुवात कुठून करावी?

कुळागरातली

जोडीदार गोव्याबाहेरचा असला की पहिल्या भेटीचा कार्यक्रम ठरलेला असतो. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी, मग समुद्र, मग पणजी आणि राहिलेल्या अर्ध्या दिवसात 'आता आमचं घर बघू'. हा क्रम उलटा करा, असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा काढते आहे.

आमचं कुळागर, म्हणजे माड-पोफळी आणि मसाल्याच्या झाडांची बागायत, फोंडा तालुक्यात, सावईवेरेंच्या बाजूला. माझा होणारा नवरा अकोला जिल्ह्यातला, घरची कापूस-तुरीची शेती. शिगम्याच्या थोडं आधी तो पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आला. त्याला काय दाखवायचं याचा मी आधीपासून विचार करत होते, आणि एका गोष्टीवर येऊन थांबले: कुळागर पाण्याच्या वाटेने दाखवावं. वरून खाली, झरीपासून शेवटच्या पोफळीपर्यंत.

एरवी होतं काय, पाहुणा आला की आपण त्याला मागच्या दाराने खाली उतरवतो, मिरीचा वेल दाखवतो, जायफळ हातात देतो, फोटो काढतो आणि चहाला वर आणतो. त्याला हिरवंगार दिसतं, पण शेती दिसत नाही. त्यात किती कष्ट आहेत, कोणाचे आहेत, काय टिकलंय आणि काय हातचं जातंय, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून आम्ही सकाळीच डोंगराच्या पायथ्याशी गेलो, झर जिथे बाहेर पडते तिथे. वरचं रान राखलंय म्हणून ती मे महिन्यातही आटत नाही. खाली दगडी तळी, तळीतून पाट. पाऊस सरला की व्हाळावर (ओढ्यावर) दगड, माती आणि झावळ्यांचा बांध घालायचा, पाट उपसून साफ करायचा. पुढच्या पावसात बांध वाहून जातो, तो परत घालायचा. पाटावर आमच्यासारखी आणखी घरं आहेत आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली आहे. ती कुठल्या कागदावर लिहिलेली नाही, पण आमच्या आजीला अजून सगळ्यांच्या पाळ्या तोंडपाठ आहेत.

त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "मोटर कुठंय?" काकांनी त्याला पाटाच्या कडेला उभं केलं आणि उतार दाखवला. त्याच्याकडे विहीर खाली आणि शेत वर, पाणी उचलायला वीज लागते आणि ती बरेचदा रात्रीची येते. इथे पाणी आपल्या वजनानेच सगळीकडे फिरतं, हे त्याला कोणाही पर्यटकापेक्षा लवकर कळलं. तो बराच वेळ खाली बसून पाटाचा उतार बघत राहिला.

मग काकांनी पाणी वळवून दाखवलं. आळ्याच्या तोंडाशी उकिडवं बसून त्यांनी मूठभर चिखल काढला, केळीच्या सोपटाचा तुकडा पाटात आडवा रोवला, फटीत कुजका पाचोळा दाबला आणि वरून तोच चिखल थापला. पाणी थबकलं, फुगलं आणि वळून आळ्यात शिरलं. आळं काठोकाठ भरलं तसं त्यांनी सोपट उपटलं आणि पुढच्या पोफळीपाशी गेले. तिसऱ्या आळ्याला त्यांनी सोपट याच्या हातात दिलं. मला वाटतं, त्या घटकेपासून काका त्याच्याशी पाहुण्यासारखे बोललेच नाहीत. 'हांगा दाब, थंय नाका,' असं सरळ कोकणीतच सुरू झालं.

पाण्याबरोबर चालत गेलं की मजले आपोआप समजतात. सगळ्यात वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेला मिरीचा वेल, मधल्या सावलीत जायफळ, खाली केळी, बांधाच्या कडेला अननस. ऊन कोणाला किती मिळायचं हे आधीच्या पिढ्यांनी झाडं लावतानाच ठरवून टाकलंय. जायफळाजवळ बाबांनी त्याला सांगितलं की रोप बियांपासून केलं तर ते नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं कळत नाही. एवढी वर्षं पाणी घालून नर निघाला तर फळ नाही, म्हणून आता कलमं लावतात. आजोबांच्या वेळचा एक नर आम्ही ठेवलाय, परागासाठी एखादा लागतोच.

सुपारीची काढणी चालूच होती. पाडेली एका पोफळीवर चढला की खाली उतरत नाही. शेंडा हलवून झोका घेतो आणि शेजारची पोफळ धरून तिच्यावर जातो. हे बघताना प्रत्येकाचा श्वास अडकतो. पण मी त्याला हेही सांगितलं की आमच्या वाड्यावर हे काम करणारी माणसं आता अगदी थोडी उरली आहेत, सगळी पन्नाशीच्या पुढची आहेत आणि त्यांच्या मुलांनी हे काम करावं असं त्यांनाही वाटत नाही. हे न सांगता नुसता झोका दाखवला असता तर ती सर्कस झाली असती.

संध्याकाळी बाबांनी स्वतःहून वही काढली. सुपारी सालासकट चाळीसेक दिवस उन्हात वाळवायची, सोलायची, प्रतवारी करायची आणि मग फोंड्याला 'गोवा बागायतदार'मध्ये घालायची. कोणत्या वर्षी कोळेरोगाने किती गळ झाली, माकडांनी आणि शेकरूंनी किती शहाळी फोडली, फवारणीची मजुरी किती, सगळं त्यांनी वाचून दाखवलं. त्यानेही आपल्या घरची बोंडअळीची वर्षं सांगितली. मी तिथेच बसून ऐकत होते. लग्नाच्या बोलणीत जे विषय निघतात त्यांपेक्षा हे बोलणं मला फार मोलाचं वाटलं.

राखणदाराकडे, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाकडे, नारळ ठेवायला आजीने आम्हा दोघांनाच पाठवलं. कुळागराच्या वरच्या टोकाला, चाफ्याखाली त्याची जागा आहे. नवं माणूस घरात येणार असेल तर राखणदाराला ठाऊक असावं, ही आजीची श्रद्धा. त्याने नारळ ठेवला, हात जोडले. परत येताना त्याने त्यांच्या शेतातल्या म्हसोबाची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या दिवशी देवळं झाली. समुद्र राहिला, तो पुढच्या खेपेला. जेवणात उकड्या तांदळाची पेज आणि चेपणीची तोरां (मिठात मुरवलेल्या कैऱ्या) सगळ्यांत जास्त आवडली. बाकी सविस्तर लिहीत नाही, खाण्यावर इथे वेगळे धागे आहेत.

तुम्ही आपल्या माणसाला गाव कसं दाखवलंत? किंवा तुम्हाला कोणी दाखवलं असेल तर काय लक्षात राहिलं?

---

मानशीवरून

फार सुंदर लिहिलंय, ताई. पाण्याची वाट हे अगदी पटलं, आणि ते आमच्या चोडण बेटालाही लागू पडतं. फक्त आमच्याकडे पाणी आत येऊ द्यायचं नसतं.

बायको कोल्हापूरची. तिला मी पहिल्यांदा खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधावर नेलं, तेही भरतीची वेळ बघून. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, लाकडी दार भरतीच्या दाबाने आपसूक मिटतं आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं. तिथे अर्धा तास उभं राहिलं की खारं पाणी एका बाजूला, भातशेत दुसऱ्या बाजूला आणि शेताची पातळी नदीच्या भरतीपेक्षा खाली, हे डोळ्यांना दिसतं. बांध फुटला तर काय होईल हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या शेतात एका वर्षी फुटला होता, पुढे खारेपणा उतरेपर्यंत नीट पीक आलं नाही. कोरगूट भात खारेपणा सोसतो, पण त्यालाही मर्यादा आहे.

मानशीवर ओहोटीला जाळं लावून मासे धरायच्या हक्काचा लिलाव होतो. बांध कोणी राखायचा, लिलावाचे पैसे कुठे जायचे, हे सगळं गावकारीच्या, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळण्याच्या, जुन्या व्यवस्थेतून आलेलं आहे. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये गावकाऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढले तेव्हा ही व्यवस्था आधीच जुनी होती. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे बांध आधी आणि गाव नंतर." मला ते फार आवडलं होतं.

---

जुना वाचक

लेख आवडला. एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. लग्नाआधी हिशेबाची वही दाखवणं मला पटत नाही. मी साठी ओलांडलेला माणूस आहे, जुना म्हणा हवं तर. उत्पन्न दाखवलं की पुढच्या पक्षाला वाटतं आपण काही मागतो आहोत, किंवा काही लपवतो आहोत. पाहुण्याला पाहुण्याचा मान द्यावा, घरच्या अडचणी हळूहळू कळतातच.

---

कुळागरातली

काका, तुमचं म्हणणं समजलं. आमच्या घरीही आईला सुरुवातीला तसंच वाटत होतं. पण कुळागर हा माझ्या भावाचा आणि माझा, दोघांचाही प्रश्न आहे. बाबांच्या नंतर पाट कोण उपसणार, फवारणी कोण उभं राहून करून घेणार, हे आम्हाला ठरवायचंय. ज्याच्याबरोबर मी आयुष्य काढणार आहे त्याला हे आधी कळलेलं बरं. पावसाच्या आधी एक फवारणी आणि मग चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी, १०० लिटरला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, ही कामं पुण्यात बसून फोनवर होत नाहीत. त्या वेळी मला इथे यावं लागतं, आणि पुढेही लागणार.

---

एक_चौदा

वरच्या चर्चेला जोडून एक व्यवहाराची गोष्ट. मी फोंडा-पणजी भागात जमिनीच्या कागदपत्रांचं काम करतो, त्यामुळे रोज बघतो.

गोव्यात मुलीचा वाटा हा कोणाच्या मनावर नसतो. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून मुलगा-मुलगी दोघंही वारस आहेत. आई-वडिलांना मृत्युपत्राने फार तर निम्म्या मिळकतीची विल्हेवाट लावता येते, उरलेला निम्मा भाग मुलांसाठी राखीव. वारशाबाबतच्या तरतुदी आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यात आहेत.

दुसरं, गोव्याच्या कायद्याखाली लग्न करताना आधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामायिक धरली जाते. जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. बाहेरच्या राज्यातला जोडीदार असेल आणि लग्न बाहेर नोंदवणार असाल तर आधी जाणत्या वकिलाकडे एकदा बसा. हे लग्नानंतर दहा वर्षांनी कळणारी जोडपी माझ्याकडे येतात, तेव्हा फार मनस्ताप झालेला असतो.

त्यामुळे ताईंच्या बाबांनी वही दाखवली ते मला योग्यच वाटतं. त्याबरोबर एक-चौदाचा उताराही (गोव्यातला सातबारा म्हणा) दाखवा. भोगवटादार कोण, कुळाचं नाव आहे का, पीक कोणतं लागलंय, सगळं त्यात असतं. भातशेती असेल तर २०२३ च्या कायद्याने ती बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर बंधन आहे, हेही जोडीदाराला माहीत असलेलं बरं.

---

साताऱ्याची सून

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, मला गाव दाखवलं गेलं होतं. सासर डिचोली तालुक्यात, खाणपट्ट्यात.

नवऱ्याला मला मये तलाव, नार्वेचं सप्तकोटेश्वर, असं सगळं दाखवायचं होतं. सासूबाईंनी मला शेतात नेलं. आमच्या शेतावर पावसात खाणीची लाल माती उतरायची. सासूबाईंनी एका कोपऱ्यात खुरप्याने खणून दाखवलं: वर घट्ट लाल थर आणि त्याच्याखाली काळसर, भुसभुशीत, मूळची जमीन. "ही आमची," असं त्या खालच्या मातीवर हात ठेवून म्हणाल्या. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. त्या काळात घरातल्या घरात दोन मतं होती, कारण दिराचा ट्रक खाणीवर होता आणि शेत सासूबाई करत होत्या. दोघांचंही पोट त्यावर. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, म्हणून नंतर घरात कोणी कोणाशी का बोलत नाही याचं मला कोडं पडलं नाही.

आमच्याकडे थर काढून आता काही भागात परत भात होतं. लावणीला मी रजा घेऊन जाते. माहेरी ऊस आणि हळद, भात कधी लावलं नव्हतं. सासूबाईंनीच शिकवलं.

ज्यांना जोडीदाराला न्यायचंय त्यांना एकच सांगेन: गावातलं दुखरं ठिकाण टाळू नका.

---

साळावलीकाठ

हे वाचून लिहिल्यावाचून राहवलं नाही. माझं गाव कुर्डी, सांगे तालुक्यातलं. साळावली धरणात गेलं. आमचं कुटुंब वालकिणीला वसवलं, मी तिथेच वाढलो. आई-वडिलांच्या बोलण्यात 'गांव' म्हणजे अजूनही कुर्डीच.

बायकोला गाव दाखवायचं तर मे महिन्यापर्यंत थांबावं लागलं. पाणी उतरलं की कुर्डी वर येते. घरांचे चौथरे, विहिरींची तोंडं, माडांचे सुकलेले खुंट, तडकलेली जमीन. सोमेश्वराच्या देवळाशी माणसं जमतात, खुरीस (क्रूस) असलेल्या जागी ख्रिश्चन शेजारी जमतात, एकमेकांना ओळखतात, जेवण होतं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या, त्यांच्या घराची जागाही लोक दाखवतात. जुनं महादेवाचं देऊळ मात्र पुरातत्त्व खात्याने दगड दगड मोकळा करून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभं केलं, तेही बघण्यासारखं आहे.

वडिलांनी तिला आमच्या घराच्या चौथऱ्यावर उभं केलं आणि सांगितलं, ही ओसरी, इथे रांधप, इथून न्हाणी, पलीकडे कुळागर. तिने तिथेच विचारलं, "बाबा, पाणी कुठून यायचं?" वडिलांनी हाताने पाटाची सगळी वाट दाखवली, वळणांसकट, जिथे आता नुसता सुका चिखल होता. या साळावलीचं पाणी आज दक्षिण गोव्यातले किती लोक पितात. आमच्या लोकांचा त्याला विरोध नाही, पण नळ सोडताना कुर्डी आठवावी असं वाटतं.

---

डोंगरवाट

सगळे प्रतिसाद वाचले, डोळे भरून आले. मी सत्तरी तालुक्यातला, वाळपईच्या पुढचा.

काजूच्या हंगामात कोणी जोडीदाराला घेऊन येणार असेल तर एक काळजी घ्या. २०१५ पासून आमच्या भागात माकडतापाच्या केसेस झाल्या आहेत, माणसंही दगावली. हा गोचिडीतून येतो आणि जानेवारी ते मे हाच त्याचा काळ, म्हणजे नेमका काजूचा. बागायतीत जाताना पाय पूर्ण झाका, पाल्यात बसू नका, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे वेगळे. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. गावच्या माणसाला हे सवयीचं आहे, बाहेरून आलेल्याला सांगावं लागतं.

बाकी काजूची दारू गाळतात त्या भट्टीवर जरूर न्या. बोंडू मळून रस कसा काढतात, निरो कसा वेगळा, हुर्राक कसा उतरतो, हे तिथली माणसं आनंदाने सांगतात. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण डोंगरात बोंडू वेचणाऱ्या बाईला किलोमागे काय सुटतं हेही तिलाच विचारा. आणि बांबरची निरंकाराची राय (देवराई) बघा. तिथे जायफळाच्या कुळातली रानझाडं पाण्यात उभी असतात, मुळं गुडघ्यासारखी चिखलातून वर काढून. देवाची म्हणून राखली, नाहीतर कधीच तुटली असती.

---

भिरंड

+१ सगळ्यांना. माझं लग्न डिसेंबरात आहे, नवरी नाशिकची. तिला त्याआधी एकदा आणायचंय, तिला सुट्टी मिळते गणपतीत. पावसात कुळागरात काही दाखवता येईल का? पाट तर बंद असतात. जळवा वगैरेंचाही त्रास. की हिवाळ्यापर्यंत थांबू?

---

कुळागरातली

थांबू नका, चवथीलाच आणा. पाट बंद असले तरी व्हाळ भरून वाहतो, बांध कुठे घालतात ते तेव्हाच नीट समजतं. जळवांना तंबाखू-मीठ लावलं की झालं, आणि पायांना भिरंडेल (कोकमाचं तेल) चोळून ठेवा.

फक्त चवथीच्या दिवशी आणू नका, दोन दिवस आधी आणा. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-पानं बांधतात त्याचं, सामान गोळा करायला तिला बरोबर न्या. फोंड्याचा माटोळी बाजार दाखवा, पण निम्मं तरी आपल्या रानातलं आणा: कांगलां, घागऱ्या, फागलां, सुपारीची कातर, नारळाची पेंड, मिळालं तर तोरिंजन. कोणतं फळ कुठल्या उतारावर मिळतं हे घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला ठाऊक असेल, त्यांच्याबरोबर जा. आमच्याकडे ते आजीला ठाऊक आहे, आणि यंदा ती अकोल्याच्या जावयाला घेऊन जाणार म्हणते आहे.

माटोळी बांधायला उंच माणूस लागतो, सुंभ धरायला दोघं. तिला धरायला सांगा. येताना एक जुना सलवार-कमीज आणि पायात घट्ट बसणारी रबरी चप्पल आणायला सांगा, आपल्याकडचे चिरे पावसात फार निसरडे होतात.